मानाचा टॉवेल

३ नोव्हेंबर. भाऊबीज, संध्याकाळी.

आजपासून रोजनिशी. याआधीही दोनतीनदा सुरू केली होती, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडलं आहे. वाचणारा मीच. तरी अक्षर नीट काढतोय. पुढेमागे संशोधकांना अडचण नको.

घटना अशी. मेहुणा हिलाल दिल्लीहून आला. सरकारी नोकरीत आहे. गेल्या महिन्यात राष्ट्रपतींच्या परदेश दौऱ्यात सामानाबरोबर गेला होता. सामान म्हणजे बॅगा. पण बॅगा खुद्द राष्ट्रपतींच्या. निदान त्याच विमानातल्या. निघताना त्या देशाच्या सरकारी अतिथिगृहानं सगळ्या स्टाफला एकेक पिशवी भेट दिली. हिलालनं ती आज जशीच्या तशी बहिणीला ओवाळणीत घातली.

सौ.नं आत डोकावून पाहिलं आणि फक्त "साडी नही का रे?" असं विचारलं. इतिहासाची जाण सगळ्यांनाच नसते.

पिशवीत: जाड पांढराशुभ्र टॉवेल, कोपऱ्यात सोनेरी दोऱ्यानं भरलेलं त्या देशाचं राजचिन्ह (दोन पक्षी, मध्ये नारळाचं झाड). एक साबण. कापडी स्लिपर. साखरेच्या पुड्या. बॅगेचा टॅग. आणि परकीय भाषेतलं एक छापील कार्ड, सोनेरी कडा असलेलं. हे शाही मेजवानीचं मेनूकार्ड असणार. हिलालला नीट आठवत नाही. मला दिसताक्षणी कळलं.

पिशवी मी ताब्यात घेतली. ओवाळणी बहिणीची असते, मान्य. पण देशाचा ठेवा ओवाळणीपेक्षा मोठा.

४ नोव्हेंबर.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. मी फत्तेसिंग, राहणार ब्राह्मणपुरी. लोणखेड्याच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबला असिस्टंट. लोक सर म्हणतात. मी अडवत नाही.

कॉलेजच्या पोर्चमध्ये माजी विद्यार्थ्यांनी काचेचं कपाट भेट दिलं आहे. आत लाइट. सध्या रिकामं. प्राचार्यसाहेबांनी जाहीर केलं आहे की त्यात जिल्ह्याची शान वाढवणारी वस्तू राहील, खाली देणाऱ्याच्या नावाची पितळी पाटी लागेल, आणि उद्घाटन २६ जानेवारीला होईल. पितळी पाटी. माणूस जातो, पितळ राहतं.

आजपर्यंत एकच नाव पुढे आलं होतं, सारंगखेड्याचे नवलसिंग. त्यांच्याकडे घोड्यांचा पिढीजात साज आहे. घुंगुरमाळा, लगाम, कपाळपट्ट्या. घोडे सारंगखेड्याला दरवर्षी यात्रेत हजारोंनी येतात, त्यात नवल ते काय? राष्ट्रपतींचा टॉवेल दरवर्षी येत नाही.

नवलसिंग माझे व्याही. आमच्या आशाचे सासरे. पण नातं नात्याच्या जागी.

संकल्प: संग्रहाला नाव द्यायचं, लेबलं स्वतः लिहायची, स्वतःला क्युरेटर म्हणवून घ्यायचं.

टॉवेलच्या लेबलाचा मसुदा: "राष्ट्रपतींच्या दौऱ्यातील अतिथिगृहाच्या आवारातील टॉवेल."

५ नोव्हेंबर.

हिलालला शहाद्याला गाडीत बसवून आलो. जाता जाता सहज विचारलं, राष्ट्रपती कुठल्या खोलीत होते, तू कुठल्या. तो म्हणाला, "दाजी, आम्ही ते मांगली बिल्डिंगमा व्हतूत." मागची तर मागची. पाण्याची टाकी एकच असणार.

मसुदा दुसरा: "राष्ट्रपतींच्या निवासस्थानातील टॉवेल."

घरी येऊन भिंगानं तपासणी केली. टॉवेलच्या शिवणीत एक बारीक पट्टी सापडली. त्यावर सोलापूर लिहिलेलं. भिंग पुसून पुन्हा वाचलं. मग लक्षात आलं की ही तर किंमत वाढवणारी गोष्ट. सोलापुरात जन्म, परदेशात सेवा, राष्ट्रपतींच्या विमानातून मायदेशी परत. एवढं करिअर आमच्या कॉलेजात कुणाचं नाही.

पट्टी कात्रीनं कापून टाकली. लोकांचा उगाच गैरसमज नको.

९ नोव्हेंबर. रात्रीचं जेवण लवकर उरकलं.

व्याही-विहीणबाई आशाला न्यायला आले होते. ती दिवाळीपासून इथेच होती. सौ.नं खापरावरचे मांडे केले. मी नवलसिंगांना कपाटाबद्दल काही बोललो नाही. ते स्वतःच म्हणाले की साज पुसून ठेवला आहे. मी हसलो. क्युरेटर लोक असंच हसतात.

निघताना मानपान झाला. विहीणबाईंना साडी. व्याह्यांना टिळा, नारळ, टॉवेल-टोपी, माझ्या हस्ते. त्यांच्याबरोबर आलेल्या आशाच्या दिरानं मोबाइलवर फोटो काढला. फोटोत माझं पोट दिसू नये म्हणून मी श्वास रोखून कॅमेऱ्याकडे बघत होतो, त्यामुळे हातात काय आलं, काय गेलं, याकडे लक्ष नव्हतं. फोटो मात्र चांगला आला आहे.

इथे एक नोंद. लग्नात आम्ही दिलेल्या टॉवेलांवरून विहीणबाई अजून बोलतात. मी ते घाऊक घेतले होते, रंग गुलाबी. त्यांचं म्हणणं, तो टॉवेल उजेडात धरला तर पलीकडचा सातपुडा दिसतो. आशाला हे दोन वर्षं ऐकावं लागतं आहे. मला यात टॉवेलचा दोष वाटत नाही. त्या दिवशी हवा स्वच्छ असेल.

१३ नोव्हेंबर.

टॉवेल नाही.

१३ नोव्हेंबर, थोड्या वेळानं, चहा घेऊन.

प्राचार्यसाहेबांना संग्रहाबद्दल सांगून, कपाटाचं माप घेऊन आलो. टॉवेलचं माप घ्यायला संग्रहाची पेटी उघडली. स्लिपर आहेत, साबण आहे, टॉवेल नाही. सौ.ला हाक मारली. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "नवा टावेल पेटीमा पडेल व्हता. गावातलं दुकान बंद व्हतं. याहीले काय जुना देऊ?"

मी म्हटलं, दिला कुणी? ती म्हणाली, "अन दिधा ते तुम्हीच ना! फोटो शे."

फोटो आहे. मोठा करून पाहिला. नारळाखाली, टोपीखाली, पांढराशुभ्र. राजचिन्ह घडीच्या आत. आणि मी श्वास रोखून हसतो आहे.

मी तिला राष्ट्रपती, दौरा, दोन देशांचे संबंध वगैरे समजावलं. तिनं भाकरी उलटवली. "मन्हा भाऊनी मले दिधेल व्हता, मी मन्हा याहीले दिधा. तुम्हना काय गया?"

कायदा तिच्या बाजूनं आहे.

१४ नोव्हेंबर.

शांतपणे विचार केला. लेकीच्या सासरी मानात दिलेली वस्तू परत मागता येत नाही. तशी मागितल्याची गोष्ट आपल्या सात गावांत कुणी ऐकलेली नाही. जो पहिला मागेल त्याच्या नावानं म्हण पडेल, आणि ती आशाला जन्मभर ऐकावी लागेल. म्हणून मागायचं नाही.

पण परत आणायचं. यात फरक आहे.

योजना क्रमांक एक: सारंगखेड्याला सहज जायचं. जेवायचं. हात धुवायचे. हात धुतल्यावर ते टॉवेल देतील. देतील तो ओळखायचा. पुढचं तिथल्या तिथे सुचेल.

१७ नोव्हेंबर.

सारंगखेड्याला सहज गेलो. मोटारसायकलवर धूळ खूप. नवलसिंग अंगणात घोडीला चारा घालत होते. चांदणी नावाची पांढरी घोडी, त्यांचा जीव की प्राण. जेवण उत्तम. हात धुतले. विहीणबाईंनी हिरवा टॉवेल दिला. थोडं बसलो, पुन्हा हात धुतले. निळा दिला. तिसऱ्यांदा धुवायला उठलो तेव्हा नवलसिंगांनी तब्येत विचारली.

निघताना त्यांनी मला टिळा लावला आणि टॉवेल-टोपी दिली. व्याही घरी आला की रिकाम्या हातानं पाठवायचा नाही, ही रीत. टॉवेल पिवळा, मोठी फुलं.

विश्लेषण: योजना तत्त्वतः बरोबर. फक्त टॉवेल चुकीचा आला. चिकाटी हवी.

२३ नोव्हेंबर.

पुन्हा गेलो. चौकटीचा टॉवेल मिळाला.

२४ नोव्हेंबर.

सौ. विचारते, हे टॉवेल कुठून आणता आणि अजून किती आणणार. टोप्याही साठल्या आहेत. एक टोपी ती हरभऱ्याच्या डब्यावर झाकण म्हणून वापरते.

२६ नोव्हेंबर.

योजना क्रमांक दोन, अंतर्गत सूत्रांकडून. आशाला फोन केला. आडून विचारलं, तो पांढरा टॉवेल, कसा काय, बरा आहे ना?

पोरगी इतकी खूश झाली की मला मूळ मुद्दा काढायला जागाच राहिली नाही. विहीणबाईंनी तो टॉवेल गल्लीतल्या बायकांना हात लावून बघायला दिला म्हणे. एवढा जाड मान आजवर कुणाच्या व्याह्यानं दिला नाही असं सांगितलं. सातपुड्याचं नाव त्यानंतर घरात निघालेलं नाही. आशा म्हणाली, "पप्पा, दोन वरीसमा पहिल्यांदा सासूबाई मन्हा माहेरनं नाव लिसन हासनी."

माहेरचं नाव घेऊन सासू हसली. मी म्हटलं, छान. मग अगदी हळूच म्हटलं की तो जरा महत्त्वाचा होता, चुकून गेला, तर गुपचूप...

तिनं मधेच तोडलं. मग म्हणाली, "पप्पा, मांगू नका. मी पाया पडस."

मी म्हटलं, छे छे, मी फक्त माहिती म्हणून विचारलं.

 पोरगी लहानपणी कधी काही मागायची नाही. आता मागितलं ते हे.

संकल्प: आशाला कळणार नाही अशी योजना हवी.

२ डिसेंबर.

प्राचार्यसाहेब अचानक घरी आले. ब्राह्मणपुरीत कुणाच्या तरी साखरपुड्याला आले होते, म्हणाले, चला तुमचा संग्रह पाहून घेऊ. सौ.ला चहा टाकायला सांगितलं. साहेबांना आधी स्लिपर दाखवायला गेलो, तर स्लिपर सौ.च्या पायात होत्या. फरशी गार लागते म्हणे. त्या काढून दाखवल्या. साहेबांनी लांबूनच पाहिल्या.

साबण काढला. उंदरानं अर्धा खाल्ला आहे. मी म्हटलं, परदेशी साबणाला इथल्या उंदरांनीही पसंती दिली. साहेब हसले नाहीत.

मग साखर. पुड्या पेटीत नव्हत्या. तेवढ्यात चहा आला. घरातली साखर संपली होती, हे मला पहिला घोट घेतल्यावर समजलं. साहेब मात्र म्हणाले, वहिनी, चहा फार सुरेख झालाय. म्हणजे परीक्षकांनी पुरावा पिऊन टाकला.

टॉवेलचं विचारलं तेव्हा सांगितलं, संवर्धनासाठी बाहेर दिला आहे. संवर्धन हा शब्द साहेबांना आवडला.

मसुदा तिसरा: "ज्या टॉवेलला राष्ट्रपतींचा हात लागल्याची दाट शक्यता आहे."

७ डिसेंबर. शहादा.

सलाउद्दीनभाईंकडे गेलो. शहाद्यात काच आणि फ्रेमचं दुकान, तीन पिढ्यांचं. मेनूकार्ड त्यांच्याकडे फ्रेमला दिलं होतं आणि टॉवेलसाठी मोठी फ्रेम सांगून ठेवली होती. ते म्हणाले, "सर, मोठी फ्रेम तयार शे. माल कथा शे?" मी म्हटलं, मार्गावर आहे.

मेनूकार्डाची फ्रेम मात्र फार सुंदर झाली आहे. वर माझ्याच अक्षरात "राजभोजन". त्यांची मुलगी महजबीन दुकानात बसली होती. तिनं मोबाइल कार्डासमोर धरून भाषांतर काढलं. शर्ट धुणे. शर्ट धुणे व इस्त्री. पँट. कोट, ड्राय क्लीन. तातडीची सेवा जादा दरानं.

सलाउद्दीनभाईंनी चहा मागवला. माणूस चांगला आहे, हसला नाही. महजबीन आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

घरी आल्यावर "राजभोजन" खोडून "राजवस्त्र-व्यवस्था" लिहिलं. धुलाई हाही इतिहासच आहे.

संग्रहाची आजची स्थिती: अर्धा साबण, वापरात असलेल्या स्लिपर, धोब्याचं दरपत्रक, एक टॅग. म्हणजे सगळी मदार टॉवेलवर. पूर्वीही होतीच.

१२ डिसेंबर.

योजना क्रमांक तीन. निर्दोष आहे. लिहिताना अंगावर काटा येतो.

शहाद्यात हुबेहूब तसाच पांढरा जाड टॉवेल मिळाला. कोपऱ्यावर पिवळ्या रेशमानं दोन पक्षी आणि झाड मी स्वतः भरलं. सौ. म्हणते, पक्षी कोंबड्या वाटतात. लांबून वाटत नाहीत. दत्तजयंतीची यात्रा सुरू होते आहे. सारंगखेड्यात गर्दी, नवलसिंगांचं घर पाहुण्यांनी भरलेलं. गर्दीत टॉवेलची अदलाबदल करायची. त्यांना टॉवेल आहे तसाच दिसेल, आशाचा मान राहील, देशाचा ठेवा देशाला मिळेल. कुणाचंही नुकसान नाही.

१५ डिसेंबर. सारंगखेडा.

घरात टॉवेल कुठेच नाही. दोऱ्या पाहिल्या. खुंट्या पाहिल्या. विहीणबाई म्हणाल्या, व्याही, काही हवंय का. मी म्हटलं, घर पाहतोय, किती छान आहे. त्यांनी मला सगळं घर दाखवलं. गोठाही.

नवलसिंग यात्रेत घोडेबाजारात तंबू टाकून आहेत असं कळलं. तिकडे गेलो. तापीकडून गार वारा. घोडेच घोडे, धूळ, चहाच्या टपऱ्या, आणि मध्ये चांदणी. चांदणीच्या पाठीवर, खोगिराखाली, राष्ट्रपतींच्या दौऱ्यातला टॉवेल.

सोनेरी कोपरा पाहून खात्री केली.

नवलसिंगांनी मला मिठी मारली आणि कौतुकानं सांगितलं की एवढा मऊ टॉवेल माणसाच्या अंगाला काय कामाचा, यात्रेच्या पहिल्याच दिवशी चांदणीचं अंग पुसलं आणि तिला तो आवडला. "दुसरा कपडा टाका का फेकी देस. हाऊच टावेल तिले चालस."

वाईट वाटून घ्यायचं नाही. परदेशात राष्ट्रप्रमुखांनाही घोड्यांची सलामी देतातच.

१६ डिसेंबर.

नवलसिंग चहा प्यायला गेले होते. खोगीर काढलेलं होतं. मी चांदणीजवळ गेलो, गोड बोललो, हळूच टॉवेल ओढला आणि माझा टाकला. चांदणीनं मान वळवून माझ्या टॉवेलकडे पाहिलं. एका झटक्यात तो खाली पाडला, त्यावर पाय ठेवला, आणि मग माझा सदरा खांद्याशी दातात धरला. सोडेना.

आरडाओरडा केला नाही. प्रतिष्ठेचा प्रश्न होता. नवलसिंग परत आले तेव्हा मी आणि चांदणी तसेच उभे होतो. त्यांचे डोळे भरून आले. ती परक्या माणसाला जवळ येऊ देत नाही म्हणे. "याही, तुम्हले घोडासनी इतली आवड शे, आम्हले ठाऊकच नव्हतं!"

राष्ट्रपतींचा टॉवेल त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा तिच्या पाठीवर घातला. म्हणाले, पुसून देत होतात ना, राहू द्या, तुम्ही पाहुणे.

कोंबड्यांचा टॉवेल तिथेच चिखलात राहिला.

२१ डिसेंबर.

चांदणीचा चालीत पहिला नंबर आला. पाठीवर पाण्याचा ग्लास ठेवला तरी हलू नये अशी चाल पाहतात. ग्लास हलला नाही. खाली टॉवेल होता म्हणून, असं माझं मत आहे. कुणी विचारलं नाही.

लगाम धरायचा मान नवलसिंगांनी आग्रहानं मला दिला. फोटो निघाला. घोडी पूर्ण आली आहे, टॉवेलचा सोनेरी कोपरा आला आहे, माझा एक खांदा आला आहे.

आशा नऊवारीत नटून आली होती. सगळ्या बायांसमोर विहीणबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. तिच्या माहेरचा टॉवेल पायगुणाचा आहे म्हणाल्या. आशानं माझ्याकडे पाहिलं. मी घोडीकडे पाहिलं.

१ जानेवारी.

नव्या वर्षाचे संकल्प: एक, धीर धरायचा. दोन, घोड्यांच्या मागून जायचं नाही. तीन, कपाटात काय ठेवायचं ते ठरवायची बैठक आहे, तिथे सगळं स्पष्ट सांगायचं. नवलसिंग मनाचे मोठे आहेत. मी नीट समजावलं की तो टॉवेल काय आहे, तर ते स्वतःहून देतील. स्वतःहून दिला तर ते मागणं होत नाही.

भाषण लिहून काढलं. सौ.ला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, त्यांना सांगणार की चुकून दिला? मान चुकून देतात का? मग आधीचे गुलाबी टॉवेल मुद्दाम दिलेले ठरतील.

या बाईला कॉलेजात घ्यायला हवं होतं.

११ जानेवारी.

बैठक झाली. प्राचार्य, दोन प्राध्यापक, नवलसिंग आणि मी. नवलसिंगांनी साजाची पेटी उघडली. खरं सांगायचं तर घुंगुरमाळा फार सुंदर आहेत. त्यांच्या आजोबांनी हातानं ओवलेल्या. रोजनिशीत लिहायला हरकत नाही.

मग प्राचार्य म्हणाले, सर, तुमचा तो राष्ट्रपतींचा टॉवेल? संवर्धन झालं का?

भाषण खिशात होतं. नवलसिंग माझ्याकडे बघत होते, कप हातात, कुतूहलानं. एक वाक्य पुरलं असतं. साहेब, तो यांच्याकडेच आहे. मी तोंड उघडलं. आशाचा फोनवरचा आवाज आठवला.

म्हटलं, साहेब, तो धुण्यात गेला.

सगळे हसले. नवलसिंग सगळ्यात जास्त. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.  कपाट साजाला मिळालं. लेबलं मात्र माझ्याकडे, कारण जिल्ह्यात माझ्यासारखं अक्षर नाही, असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. याची नोंद घ्यावी.

११ जानेवारी, पुन्हा.

माघार नाही. धोरण आहे. मी हरलो नाही, मी बोललो नाही. दोन्हींत फरक आहे. फरक कुठे दाखवायचा ते कळत नाही एवढंच.

२४ जानेवारी.

लेबलं लिहिली. घुंगुरमाळ. लगाम. कपाळपट्टी. नवलसिंगांनी आयत्या वेळी एक वस्तू वाढवली. म्हणाले, चांदणीच्या विजयाची आठवण म्हणून हीही ठेवा, व्याह्यांचा मान आहे. धुवून, इस्त्री करून आणली होती. सोनेरी कोपऱ्यावर डाग पडला आहे, त्यामुळे घडी करताना तो कोपरा खाली गेला.

मी लेबल लिहिलं.  शेवटचा मसुदा: "चांदणी घोडीचा टॉवेल."

मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं, राष्ट्रपतींचा दौरा आणि माझं नाव लिहिलं. मग नाव खोडलं. मग पुन्हा लिहिलं. संशोधकांना अडचण नको.

२६ जानेवारी. दुपारी.

झेंडावंदन, मग उद्घाटन. लाइट लागला. कपाटात टॉवेल फार शोभून दिसतो. पितळी पाटी नवलसिंगांच्या नावाची. म्हणजे माझी योजना अशी होती की राष्ट्रपती दौऱ्याचा टॉवेल काचेच्या कपाटात जावा. तो गेला. तपशिलात थोडा फरक पडला.

हिलाल सुट्टीवर आला होता. काचेशी वाकून त्यानं टॉवेल ओळखला आणि तोंड उघडलं. मी त्याचा पाय दाबला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, दाजी, तिथं तो आम्हालाही निघताना मानानंच दिला होता, तिथली तशी रीत आहे. म्हणजे दोन देशही व्याह्यांसारखेच वागतात.

नवलसिंग भाषणात म्हणाले की हा टॉवेल माझ्या व्याह्यांनी दिला आणि माझी घोडी जिंकली. टाळ्या झाल्या. विहीणबाई पहिल्या रांगेत आशाचा हात हातात घेऊन बसल्या होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या, "मन्ही सूनना बापनी दिधेल शे." आशा रडत होती. हसतही होती. मी कपाटाच्या काचेत पाहिलं, तर माझेही डोळे काही ठीक दिसत नव्हते. एवढं मला पितळी पाटीनं झालं नसतं. हे खरं आहे, म्हणून लिहिलं.

मग माझा सत्कार झाला. सुंदर अक्षराबद्दल. टिळा, नारळ, टॉवेल-टोपी, विहीणबाईंच्या घरून आणलेली.

घरी येऊन घडी उघडली. गुलाबी. कोऱ्याचा कोरा. कोपऱ्यावर आम्ही लग्नात घेतले त्याच घाऊक दुकानाचा शिक्का.

हातपाय धुतले आणि त्यालाच पुसून पाहिले. पाणी जागचं हललं नाही. सातपुड्याकडच्या खिडकीशी जाऊन उजेडात धरला.

दिसतो.